रेडेबुडीचे सर

सरांच्या प्रयोगशाळेत गजरा माळून यायला बंदी होती. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती, त्यामुळं नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला ही बंदी दारातच कळायची. साताऱ्याच्या कॉलेजात पीएच.डी.साठी मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले, तेव्हा कडेगावहून निघताना आईनं हौसेनं मोगरा माळून दिला होता. मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत आतून आवाज आला.

"थांब! आहेस तिथंच थांब. मोगरा ना?"

मला वाटलं, वासाचे दर्दी दिसतायत. मी कौतुकानं "हो सर" म्हटलं.

"काढ आणि व्हरांड्याच्या त्या टोकाला ठेव. जाताना घेऊन जा. मोगऱ्याचं काही नाही गं, पण त्याच्या टोपलीत शेजारी झेंडू असतो. झेंडूचा काय भरवसा?"

मग त्यांनी मला नळावर हात धुवायला लावले, केसांवरून ओला हात फिरवायला लावला आणि खुंटीवरचा एक पांढरा कोट दिला. तो इतक्यांदा धुतला होता की त्यातून पलीकडचं दिसत होतं. सर स्वतः घरून येताना घातलेला शर्ट बाहेर बदलत. गणपतीच्या दिवसांत तर ते दारातच उभे राहायचे. कुणी आरती करून आलाय का, दूर्वा तोडून आलाय का, अशी चौकशी व्हायची. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक त्यांच्याकडं जाताना "सोवळ्यात जाऊन येतो" असं म्हणायचे.

या सोवळ्याला कारण होतं. सर परागकणांचा अभ्यास करायचे. फुलातून उडणारी ही बारीक धूळ वाऱ्यानं कुठंही जाऊन पडते. तिच्या कणाचं कवच भलतंच चिवट असतं. पाण्याखालच्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं की हा जांभळीचा, हा गवताचा, असं ओळखता येतं. डोंगरावरच्या दलदलीत वर्षानुवर्षं पाला आणि गवत पडत राहतं. पाण्यामुळं हवा लागत नाही, म्हणून ते पुरतं कुजतही नाही. थरावर थर बसत जातात. अशा काळ्या, अर्धवट कुजलेल्या मातीला पीट म्हणतात. एखाद्या थरात रानातल्या झाडांचे कण भरपूर सापडले, तर त्या काळी पाऊस चांगला होता असं समजायचं. नुसतं गवतच गवत सापडलं, तर पाऊस आटला होता. हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा असा माग काढणाऱ्या माणसाच्या खोलीत कालच्या झेंडूचा एक कण उडून आला, तर सगळाच घोटाळा.

पण हे सोवळं खोलीपुरतंच होतं. खोलीबाहेर सर कशालाही हात लावायचे. एसटीच्या खिडकीतली धूळ बोटानं टिपून कागदाच्या पुडीत बांधायचे आणि शेजारच्या प्रवाशाला विचारायचे, "तुम्ही कुठं बसलात? उंब्रजला? मग ही तुमच्याकडची." लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्या ते इतक्या जवळून बघायचे की फोटोग्राफरला त्यांना हाताला धरून बाजूला करावं लागायचं. सर्दी त्यांना कायमची. शिंक आली की ती येऊन गेल्यावर क्षणभर डोळे मिटून उभे राहायचे आणि "ही गवताची नाही, ही कागदाची आहे, कपाट उघडलंय कुणीतरी" असं सांगायचे. बहुतेक वेळा कपाट उघडलेलं असायचं.

आणि त्यांचा तो प्रश्न. यंदा ऊन फार आहे असं कुणी म्हणालं, की सर शांतपणे विचारायचे, "कशाच्या मानानं?" गेल्या साली एवढं नव्हतं, असं उत्तर आलं की ते नुसतेच हसायचे. पुढं ही सवय उन्हापावसापुरती राहिली नाही. त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा काकूंनी विचारलं, "आमटीत मीठ जास्त झालंय का?" सर म्हणाले, "कशाच्या मानानं?" काकूंनी शांतपणे त्यांच्यासमोरची वाटी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

काकू प्राथमिक शाळेत शिकवायच्या. माणूस म्हणून त्या सरांपेक्षा कणखर होत्या, त्यांना व्हावंच लागलं होतं. कॉलेजातला फ्रीज बिघडला, तेव्हा सरांनी चिखलाच्या नळ्या घरी आणून काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि त्या तिथंच राहिल्या. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, इसवी सनाच्या आधीची माती. पाहुण्यांना काकू सांगायच्या, "डाव्या हाताचं आमचं, उजव्या हाताचं ह्यांच्या पूर्वजांचं. उजवीकडं हात घालू नका."

ही माती यायची रेडेबुडीहून. महाबळेश्वरच्या पलीकडं, हॉटेलं आणि स्ट्रॉबेरीची शेतं संपली की कातळाचा सपाट सडा लागतो. त्या सड्यातल्या एका खोलगटीत ही दलदल होती. वरून बघितलं तर हिरवंगार कुरण, पाय ठेवला की माणूस मांडीपर्यंत आत. कधीकाळी एक रेडा बुडाला म्हणून ती रेडेबुडी. सांगलीच्या एका लेथवाल्याकडून सरांनी पोलादी पोकळ नळी करून घेतली होती. ती चिखलात उभी दाबायची, पिळायची आणि वर ओढायची, म्हणजे आत थरांचा अख्खा दांडा येतो. नळी एवढी जड, की आम्ही तिला तोफ म्हणायचो.

पहिल्या खेपेला तोफ जांभळीच्या झाडाजवळ उतरवायची असं सरांनीच ठरवलं. काठापासून फार लांब नाही, आणि झाडाची खूण कायम राहणार. आमच्याबरोबर कॉलेजचा शिपाई होता, गावातले दोघं होते. तोफ तळाला लागली, वर ओढायला घेतली आणि ती वर येता येता सर खाली जायला लागले. कमरेपर्यंत गेले, मग छातीपर्यंत. आम्ही दोर टाकला, तर सरांनी तो स्वतःला बांधायच्या ऐवजी तोफेला बांधला.

"सर, तुम्ही धरा!" मी ओरडले.

"आधी तिला घ्या! उभी घ्या! आडवी झाली तर तळचं पाणी वर येईल!"

गावातला एकजण म्हणाला, "आवं, तुमी आडवं झाला तर काय वर येनार हाय?"

तोफ उभीच निघाली. मग सर निघाले. एक बूट आतच राहिला. काठावर बसून त्यांनी तोफेतला काळा दांडा उघडला. काळ्याच्या मधोमध फिकट, पांढरट मातीचा जाड पट्टा होता. तो बघून ते अंगावरचा चिखल विसरले. पांढरट माती म्हणजे दलदल सुकली होती, गवत टिकून काळी माती होण्याइतकंही पाणी उरलं नव्हतं. म्हणजे महाबळेश्वरच्या डोक्यावर, जिथं आज जूनपासून ढग हलत नाहीत, तिथं एके काळी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस हटला होता.

त्या पट्ट्याला सर का एवढे भुलले, ते मला पुढं समजलं. सर सांगलीच्या पूर्वेकडचे, कोरड्या भागातले. घर मेंढरांचं. शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांचं वर्ष चाऱ्यामागं चालण्यात जायचं. ते याबद्दल फार बोलत नसत, पण छत्री त्यांनी जन्मात वापरली नाही. महाबळेश्वरच्या पावसात आम्ही सगळे टपरीत शिरलो, की सर बाहेर उघड्या डोक्यानं उभे. "आमच्याकडं त्याला आडवं जात नाहीत," एवढंच म्हणायचे. सुकाळात राहणाऱ्यांना वाटतं की पाऊस आपल्या बापजाद्यांचाच आहे. तो कुणाचाच नसतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आता ते सिद्ध करून दाखवणारा पट्टा त्यांच्या हातात होता.

त्यावर आमचा शोधनिबंध छापून आला. वर्तमानपत्रांत सरांचा तोफेसह फोटो आला. गावोगावी व्याख्यानं झाली, शाली आल्या, नारळ आले. माझ्या प्रबंधाचा कणा म्हणजे तो पट्टा. तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि मी शेवटचे नमुने मोजत होते. पट्ट्याच्याही खालचा एक नमुना मायक्रोस्कोपखाली होता. गवताच्या बारीक कणांत मला एक भला थोरला गोल कण दिसला. लिंबांच्या टोपलीत कलिंगड ठेवावं तसा. सरांना मजा वाटेल म्हणून मी हाक मारली.

"सर, या बघा, केवढा मोठा!"

सरांनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

"काल कणीस खाल्लंस?"

"नाही सर."

"परवा? खोलीतल्या कुणी?"

मी नाही म्हटलं. त्यांनी तो नमुना टाकून दिला. दांड्याच्या अगदी गाभ्यातली माती काढून, आम्लात उकळून, सगळं पहिल्यापासून स्वतः केलं. आठवडाभर खोलीत कुणाला येऊ दिलं नाही. आठवड्यानंतर मी गेले, तेव्हा ते स्टुलावर बसले होते.

"मका आहे," ते म्हणाले. "एक असता तर माझ्या शर्टावरून आला म्हटलं असतं. बरेच आहेत."

"मग?"

"मका आपला नाही. जहाजातून आला, चारपाचशे वर्षांत. आणि तो बसलाय कुठं? ज्या पट्ट्याला आपण हजारो वर्षांचा म्हणतोय, त्याच्या खाली." त्यांनी वयाच्या आकड्यांची वही पुढं ओढली. "वरचं आणि तळाचं वय आपण तपासून घेतलं, मधलं हिशेबानं बसवलं. मधली माती कधीतरी उलथीपालथी झालीय. कशानं ते माहीत नाही. रेडा बुडाला असेल, झाड उपटलं असेल. सगळी दलदल सोडून तोफ मी नेमकी तिथं घातली."

मी तशीच निघाले. एसटीत कऱ्हाडपर्यंत रडले. घरी मामांनी एक स्थळ आणून ठेवलं होतं आणि माझं शिक्षण संपायची वाट सगळे बघत होते. आता काय सांगणार होते मी? मक्यामुळं थांबलंय म्हणून?

चार दिवसांनी सर आमच्या वस्तीवर आले. न कळवता, एसटीनं, थांब्यापासून उसातून चालत. ऊसतोड चालू होती. तात्या, म्हणजे माझे वडील, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते फडातून लगबगीनं आले.

"आवं या सर, या. फोन करायचा न्हाई का? गाडी पाठिवली असती. च्या ठेव गं."

"आधी ऐका. मग चहा द्यायचा का नाही ते ठरवा," सर म्हणाले, आणि ओट्यावर न बसता उभ्याउभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. निबंध मागं घेणार आहे. प्रबंध नव्यानं करावा लागेल. चूक माझी आहे, हिची नाही.

तात्या ओट्यावर टेकले आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते फार चिडले की असं करायचे.

"म्हंजी तीन वरसं पान्यात?"

"चिखलात," सर म्हणाले. हा विनोद नव्हता. सरांना तेच अचूक वाटलं होतं.

"मला एक सांगा सर. ह्यो मका तुमी सोडून आनि कुनी बघितलाय?"

"तुमच्या मुलीनं. तिनंच मला दाखवला."

"तसं न्हाई. भायेरच्या कुनी?"

"कुणीच नाही."

"मग तुमी गप बसला असता तर कुनाला कळलं असतं का?"

"नाही कळलं असतं," सर म्हणाले. "बहुतेक कधीच नाही."

आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. तात्या माझ्याकडं बघत होते. मी खाली बघितलं. मग ते सावकाश म्हणाले, "आमी वर हुतो, बॉर्डरला, तवा एकदा चुकीचा नकाशा आला. नकाशा नसला तर मानूस चाचपत जातंय बगा. चुकीचा असला की छाती काढून चालतंय. आमच्या पलटनीतली दोन पोरं गेली तवा." त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "किती टाइम लागंल?"

"उन्हाळ्यात दलदल थोडी आवळते. तेव्हा नवी नळी घालायची. पुढं दीड-दोन वर्षं."

"मामाला मी बघतो," तात्या म्हणाले. "च्या आन गं. सर, बसा की आता."

त्या वर्षी सरांनी आणखी एक गोष्ट केली. ती ऐकून आजही कॉलेजात लोक हसतात. निबंध मागं घेतल्याचं छापून आलं, पण ते इंग्रजीत, चार जणांनी वाचलेलं. सरांना ते पुरेना. ज्या ज्या गावात त्यांनी पट्ट्यावर व्याख्यान दिलं होतं, तिथं तिथं ते पुन्हा जायला लागले. मी सांगितलं ते चुकीचं होतं, हे सांगायला. एका खेपेला मीही होते. जतकडचं गाव. सरांचा फोन गेला तेव्हा सरपंचांना वाटलं, सर खुशीनं दुसरं व्याख्यान द्यायला येतायत. मांडव घातलेला, लाउडस्पीकर लावलेला. सरांनी उभं राहून सांगितलं, मागच्या खेपेला मी जे बोललो त्यातला मुख्य मुद्दा चुकला होता, मला माफ करा.  मग सरपंच उठले. म्हणाले, एवढा मोठा माणूस आपल्या गावाला माफी मागायला एसटीनं आला, असं आजवर घडलं नाही. आणि त्यांनी सरांना पहिल्यापेक्षा भारी शाल घातली. नारळ दिला. टाळ्या थांबेनात.

परतीच्या गाडीत सर नारळ मांडीवर घेऊन हिरमुसून बसले होते.

"ऐकलंच नाही गं त्यांनी."

"ऐकलं की सर. म्हणून तर शाल दिली."

"एक म्हातारा येऊन काय म्हणाला माहितीय? तुमी चुकला असाल सर, पन आमच्याकडं दुष्काळ पडलाच हुता." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आता ह्याला काय उत्तर देऊ?"

एप्रिलात आम्ही पुन्हा रेडेबुडीला गेलो. या खेपेला तात्या स्वतः आले. त्यांनी दलदलीवर फळ्या टाकल्या, दोर बांधले, सरांच्या कमरेला वेगळा दोर घालून त्याचं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. "तोफ बुडाली तर बुडू दे, सर वर आलं पायजेत," असा त्यांनी सगळ्यांना हुकूम दिला. सर लहान मुलासारखे कुरकुरले, पण बांधून घेतलं. जांभळीपासून लांब, दलदलीच्या मध्यावर नळी घातली. त्यात पांढरा पट्टा होता, पण बोटभर. प्रत्येक थराचं वय आम्ही वेगळं काढून घेतलं. दुष्काळ पडला होता हे खरं निघालं. पण तो आम्ही म्हटलं होतं त्याहून पुष्कळ लहान होता, आणि एवढ्या एका जागेवरून सगळ्या डोंगराबद्दल काही बोलता येत नव्हतं. माझा प्रबंध झाला तो असा, जपून बोलणारा. त्याची बातमी कुठं आली नाही. मला पुढं सांगलीला नोकरी लागली. मामांचं स्थळ तोवर दुसरीकडं गेलं होतं आणि मला हवं तसं माझं मीच बघितलं. लग्नात सर आले, वरमाला जवळून बघून गेले.

पहिल्या नळीचं कोडं मात्र तसंच राहिलं. निवृत्त झाल्यावरही सर मधूनच फोन करायचे. "झाड उपटलं म्हणावं तर मुळं सापडायला हवीत. रेडा म्हणावं तर हाडं." मी म्हणायचे, सोडा आता सर. ते म्हणायचे, हो, सोडलं. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी त्यांचा फोन आला. या वेळी ते कोड्याबद्दल बोलले नाहीत.

"रेडेबुडी खणायला लागलेत. येतेस का?"

सड्यावरची ती जमीन कुणीतरी हॉटेलासाठी घेतली होती. दलदल काढून तिथं नावा फिरवायचं तळं करायचं होतं. सर महिनाभर या कचेरीतून त्या कचेरीत फिरले होते. सगळ्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. खासगी जागा आहे, परवानगी झालेली आहे, असं सांगितलं. मी पोचले तेव्हा ते काठावर कातळावर बसले होते. पंचाहत्तरीतला माणूस, गळ्यात जुनी पिशवी, डोकं उघडं. समोर जेसीबी काळ्या मातीचे ढिगारे उपसत होता. मला बघून ते नुसतंच मान हलवून हसले. त्या हसण्यानं मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं ते उठले आणि थेट यंत्राच्या समोर जाऊन उभे राहिले. ऑपरेटर शिराळ्याकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. त्यानं यंत्र बंद केलं.

"बाबा, बाजूला व्हा. लागंल."

"एक विनंती आहे," सर म्हणाले. "खणणारच आहात तर खणा. पण ही इकडची कड सरळ कापता का? भिंतीसारखी. सुरीनं केक कापल्यासारखी. मला फक्त बघायचंय."

"काय बघायचंय?"

"आयुष्यभर मी हे मनगटाएवढ्या नळीतून बघितलंय हो. एकदा सगळं बघू दे."

ऑपरेटरनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.  मग त्यानं जांभळीच्या झाडाकडून सुरुवात करून फावडं असं हलक्या हातानं उतरवलं की खरंच एक लांबच लांब उभी भिंत तयार झाली. सर खाली उतरले. मी त्यांचा दंड धरला होता. काळ्या भिंतीत तो पांढरा पट्टा बोटभर जाडीचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेला होता. आमची दुसरी नळी बरोबर होती. सर त्याच्यावरून, न टेकवता, हात फिरवत चालले आणि जांभळीच्या खाली येऊन थांबले.

तिथं पट्टा तुटला होता. वरून खाली एक काळी खाच उतरली होती आणि खाचेच्या तोंडाशी पांढरट मातीचा एक मोठा लोळ पडला होता. आमचा तो जाड पट्टा. खाचेची एक बाजू उभी होती. दुसरी उभी नव्हती. ती टप्प्याटप्प्यानं खाली गेली होती.

सरांनी बोटांनी खाचेतला काळा गाळ उकरायला सुरुवात केली. तो मऊ होता, हाताला येत होता. त्याच्याखालची जुनी चिकणमाती घट्ट होती. एक टप्पा मोकळा झाला, मग त्याच्याखालचा. सरांचा हात थांबला.

"झिरा हाय ह्यो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून गावाकडची बोली पहिल्यांदा ऐकली.

"काय सर?"

"झिरा. पाणी आटलं की खड्डा खणायचा आनि पाझराची वाट बघत बसायचं. वाटीवाटीनं भरायचं. माणगंगेच्या वाळूत माझी आई खणायची. मी वर बसायचो, भांडी घिऊन." ते भिंतीकडंच बघत होते. "दलदल सुकली हुती गं. मका आल्यानंतरच्या कुठल्या तरी सालात. एवढ्या पावसाच्या मुलखात. आणि कुणीतरी हितं पाणी हुडकाय आलं. खणलेली पांढरी माती काठावर टाकली, खड्ड्यात मक्याच्या वेळचा गाळ साठला, मग पावसानं ती माती वरनं परत आत लोटली. आन् मी तिच्यातच नळी घातली."

 ज्या खड्ड्यानं माझी तीन वर्षं घेतली, तो कुणाच्या तरी घशाला कोरड पडली म्हणून खणलेला होता.

"बाई हुती," सर म्हणाले.

"कशावरून?"

"पायऱ्या बघ किती बुटक्या, किती जवळजवळ. डोक्यावर भरलेलं भांडं असलं की गुडघा जास्त उचलता येत न्हाई." त्यांनी डोळे पुसले. हाताचा काळा चिखल गालाला लागला तो तसाच राहिला.

वर ऑपरेटरचा फोन वाजला. ठेकेदाराचा असावा. ऑपरेटर आमच्याकडं बघत बोलत होता. "व्हय साहेब, चाललंय की... न्हाई, आता जरा थांबलोय, इंजिन लय गरम झालंया... व्हईल, सांजपातूर व्हईल समदं." फोन ठेवून त्यानं तंबाखूची पुडी काढली आणि यंत्राच्या सावलीत पाठमोरा बसला.

इंजिन कधीचं गार होतं. सर खड्ड्याच्या तळाशी जाऊन वाकून बसले होते. त्यांनी पिशवीतून सुरी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या आणि मला खाली बोलावलं. संध्याकाळी तिथं काहीच उरणार नव्हतं, हे त्यांनाही माझ्याइतकंच माहीत होतं. तरी मी पाय टाकणार एवढ्यात ते ओरडले,

"तिकडनं नको! कडेनं ये. तिची पायरी मोडंल."

मी चपला काढल्या आणि कडेनं उतरले.